मैत्रिणीला कॅलिपर आणि व्हीलचेअर आहे, क्रूझचं कसं जमवायचं? बडोद्याहून निघणार आहोत

सुरसागरवाली:

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण, दोघी बँकेतून रिटायर झालेल्या, दोघी इथल्याच, ती दांडिया बाजारातली आणि मी रावपुऱ्यातली, शाळेपासून बरोबर आहोत. तिला लहानपणी पोलिओ झाला होता, डाव्या पायाला कॅलिपर (पायाला आधार द्यायला पट्ट्यांनी बांधतात ती पट्टी) आहे आणि एक कुबडी वापरते. अख्खी नोकरी तिने त्याच पायावर केली, काउंटरला उभं राहून सुद्धा केली. पण गेल्या काही वर्षांत लवकर दमायला लागली आहे, चांगला पाय पण दुखतो, म्हणून लांब चालायचं असेल तर आता आम्ही व्हीलचेअर नेतो. घरात फिरते, कठडा असेल तर चार-पाच पायऱ्या चढते, कठडा नसेल तर एकही नाही.

तिला क्रूझवर जायचंय. समुद्र किनाऱ्यावरून बघून झालाय, वलसाडजवळचं तिथल झालं, दमण झालं, वाळूत व्हीलचेअर रुतते म्हणून दरवेळी रस्त्यावरच्या बाकावरून बघितलाय. आता तिला रात्री डेकवर बसायचंय, चारी बाजूंना फक्त पाणी असताना. हे ती कित्येक वर्षं म्हणतेय आणि आता दोघींकडे वेळ पण आहे आणि थोडे पैसे पण.

एका एजंटकडे गेलो होतो. तो म्हणाला आंटी टेन्शन नका घेऊ, होऊन जाईल, स्टाफ असतो ना, उचलून नेतात. तिथे ती काही बोलली नाही पण रिक्षात बसल्यावर म्हणाली मला कोणी उचलायचं नाही, उचलायची वेळ येणार असेल तर मी येत नाही, तू तुझ्या भाचीला घेऊन जा. मी तिच्याशिवाय जाणार नाही हे तर नक्कीच आहे, त्यामुळे आता सगळं नीट विचारून घेतेय. मुंबईहून गोवा करावं की लक्षद्वीप, का सरळ पैसे साठवून सिंगापूर? रूम कुठली घ्यायची, बाथरूमचं काय असतं, आपली व्हीलचेअर नेता येते का, मुंबईपर्यंत कसं जायचं, आणि जहाजात चढायला पायऱ्या असतात का? ज्यांनी कोणी अशा माणसाला बरोबर नेलंय किंवा जे स्वतः गेलेत त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

अलकापुरी_तिकिटवाला:

ताई, मी बरीच वर्षं बुकिंगचं काम केलंय त्यामुळे सांगतो, "होऊन जाईल" हे उत्तर घ्यायचंच नाही. एजंटला असे प्रश्न विचारा की ज्यांचं उत्तर इंचात आणि पायऱ्यांत येईल. रूमचा दरवाजा किती इंच, बाथरूमला उंबरा आहे का आणि किती, शॉवरमध्ये बसायची सोय आहे का, पकडायच्या दांड्या कुठे आहेत, आणि प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागतं का बाहेर नांगर टाकतं. त्याला माहीत नसेल तर त्याने कंपनीला ईमेल करावा आणि आलेलं उत्तर तुम्हाला फॉरवर्ड करावं. तोंडी काहीही धरून चालू नका.

आता रूमचं. जहाजावरच्या साध्या केबिनचा दरवाजा बहुतेक वेळा २२-२३ इंचाचा असतो आणि आपली नेहमीची फोल्डिंग व्हीलचेअर हँडरिमसकट, म्हणजे हाताने फिरवायच्या बाहेरच्या कडीसकट, २५-२६ इंच भरते, म्हणजे आत जाणारच नाही, बाहेर घडी करून आत न्यावी लागेल आणि कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत कारण तो बाहेर पडायचा रस्ता असतो. शिवाय साध्या बाथरूमला उंबरा असतो, चांगला ठेच लागण्याएवढा. व्हीलचेअरवाल्यांसाठी वेगळ्या केबिन असतात, त्यांना ॲक्सेसिबल केबिन म्हणतात, दरवाजा साधारण ३२ इंच, बाथरूम सपाट, शॉवरमध्ये बसायला सीट, आणि आत चेअर वळवायला जागा. पण अशा केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि लवकर जातात, म्हणून तारीख नंतर ठरवा, आधी कुठल्या तारखेला अशी केबिन मोकळी आहे ते विचारा आणि त्या तारखेला जा. काही कंपन्या एक फॉर्म भरून घेतात, त्यात काय लागतं ते लिहायचं असतं, तो खरा खरा भरा. लोक घाबरून कमी लिहितात की नाही म्हणतील म्हणून, आणि मग जहाजावर गेल्यावर काहीच मिळत नाही.

अजून एक, "गॅरंटी केबिन" नावाचं स्वस्त तिकीट दाखवतील, त्यात केबिन कंपनी तिच्या मर्जीने देते. तुमच्यासाठी ते अजिबात नको. नंबर ठरलेला हवा, लिफ्टजवळ हवा, आणि शक्यतो जहाजाच्या मधोमध हवा. पुढच्या आणि मागच्या टोकाला हलणं जास्त जाणवतं, मध्ये कमी, आणि वरच्या मजल्यांपेक्षा खाली कमी.

मुंबईहून आपल्याकडे कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस जहाज जातं, ते १९९० साली बांधलेलं आहे, आधी रॉयल कॅरिबियन या दुसऱ्या कंपनीकडे होतं. जुन्या काळातलं जहाज आणि आत्ता बांधलेलं जहाज यात रूमच्या मापांचा फरक पडतो, त्यामुळे वरचे प्रश्न तिथे तर नक्कीच विचारा. सिंगापूरहून जाणारं गेंटिंग ड्रीम २०१६ चं आहे, बरंच मोठं आहे. खर्च अर्थात वेगळा.

चाकांवरची:

मी स्वतः व्हीलचेअरवर आहे, मणक्याच्या दुखापतीनंतर, उभी राहू शकत नाही. तुमच्या मैत्रिणीचं वाक्य वाचलं आणि आधी तिलाच उत्तर द्यावंसं वाटलं. ताई, तुम्ही बरोबर बोललात. उचलून नेणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं पण विचारल्याशिवाय बगलेत हात घालून उचललं की आपण माणूस न राहता सामान होतो, आणि नंतर सगळी ट्रिप तेच आठवत राहतं. तुमचा आग्रह सोडू नका. ज्या प्रवासात उचलायची गरज पडणार नाही असा प्रवास शोधता येतो, त्यासाठी थोडं आधी शोधावं लागतं एवढंच.

आणि ते सगळं एका गोष्टीवर ठरतं, जहाज धक्क्याला लागतं की नाही. धक्क्याला लागलं की गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर जायचा छोटा पूल असतो, उतार असतो, चेअर ढकलत जाता येतं. भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा उतार बदलतो, कधी सोपा असतो कधी चांगलाच उभा, उभा असेल तर स्टाफ मागून चेअर धरतो, उतरताना उलटं वळवून पाठीकडून उतरवतात, आणि तुम्ही चेअरमध्येच बसलेल्या असता. तेवढी मदत घ्यायला मला काही वाटत नाही. पण जिथे धक्का नाही तिथे जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. तिथे जहाज वेगळं हलतं, बोट वेगळी हलते, आणि मधली ती फट आणि पायरी आपण स्वतःच्या पायाने पार करायची असते. जमत नसेल तर उचलतात किंवा नाही म्हणतात. लाटा असल्या तर धडधाकट लोकांचं पण उतरणं रद्द होतं.

म्हणून लक्षद्वीप तुमच्यासाठी नको, स्पष्टच सांगते. अगत्तीला जहाज बाहेरच उभं राहतं आणि छोट्या बोटीने जावं लागतं, मग पुढे वाळू. दिसायला स्वर्ग आहे पण तिथे तिला जहाजावरून बघत बसावं लागेल आणि बाकी सगळे जाऊन येतील. गोव्याला मुरगाव बंदरात धक्क्याला लागतं, कोचीला पण धक्क्याला लागतं. सिंगापूरहून जाणाऱ्यात पेनांगला जॉर्जटाऊनच्या अगदी धक्क्याला लागतं, पोर्ट क्लांगला पण. फुकेतला बहुतेक जहाजं पातोंगच्या समोर बाहेर उभी राहतात, परत छोट्या बोटी. त्यामुळे नकाशात बंदराचं नाव वाचून खुश होऊ नका, तिथे कसं उतरवतात ते वाचा.

अजून एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. जहाज बंदरात असतं त्या दिवशी सगळे लोक उतरतात आणि जहाज अर्धं रिकामं होतं. लिफ्टला गर्दी नाही, डेकवर हवी ती जागा, जेवायला रांग नाही. मी एका बंदरात मुद्दाम उतरले नाही, रेलिंगजवळ चेअर लावून बसले, ब्रेक लावले, आणि बंदरातली कामं बघत बसले. क्रेन, टग बोटी, दोरखंड गुंडाळणारे लोक. माझ्या सगळ्या प्रवासातला तो फार आवडता दिवस आहे. तुमच्या मैत्रिणीला पाणीच बघायचंय ना, मग प्रत्येक बंदरात उतरलंच पाहिजे असं मनावर घेऊ नका. तिने ठरवू दे, त्या दिवशी सकाळी ठरवू दे.

मांजलपूर_काका:

मुंबईपर्यंतचं मी सांगतो कारण आईला घेऊन हा रस्ता खूप वेळा केलाय. आपलं नशीब की आपण बडोद्यात आहोत, गाड्या भरपूर. वंदे भारत घ्या किंवा शताब्दी, दोन्ही मुंबई सेंट्रलला जातात, साडेचार-पाच तास लागतात. मुंबई सेंट्रलचा फायदा असा की तिथे गाडी संपते, प्लॅटफॉर्म सरळ बाहेरच्या हॉलला मिळतो, त्यामुळे पूल चढायचा नाही, जिना नाही, चेअर सरळ बाहेर टॅक्सीपर्यंत. दादर किंवा बोरिवलीला उतरायचा मोह नको. वंदे भारतला टोकाच्या डब्यात व्हीलचेअर उभी करायची जागा आणि मोठं टॉयलेट असतं, आणि दाराशी पायरी बाहेर येते त्यामुळे फट कमी राहते. बडोदा स्टेशनवर लिफ्ट आहे, तरी गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला येते ते आधी बघून अर्धा-पाऊण तास आधी पोचा.

सवलतीचं असं आहे की रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र असेल तर शताब्दीच्या चेअर कारमध्ये २५ टक्के सवलत मिळते, आणि सोबतच्या माणसाला पण तेवढीच. वंदे भारतमध्ये सवलत नाही. ओळखपत्र काढलं नसेल तर काढून घ्याच, पुढे पण उपयोगी पडेल.

आदल्या दिवशी मुंबईत पोचा. त्याच दिवशी सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी जहाजात चढायचं असा हिशोब करू नका, गाडी लेट झाली तर जहाज थांबत नाही, आणि वेळेवर पोचलात तरी ती प्रवासाने दमलेली असेल आणि तिथे चेक-इनला परत तास-दोन तास जाणार. टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, इंदिरा डॉकवरचं नवीन टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालंय. फोर्ट किंवा बॅलार्ड इस्टेटमध्येच हॉटेल घ्या, दहा-पंधरा मिनिटांत पोचाल. हॉटेलला पण तेच प्रश्न विचारा, दारात पायऱ्या किती, कारण फोर्टमधल्या जुन्या इमारतींना बाहेरच पाच-सहा पायऱ्या असतात आणि लिफ्ट त्यानंतर सुरू होते!! हे फोनवर कोणी आपणहून सांगत नाही.

टर्मिनलला मोठ्या बॅगा काढून घेतात आणि त्या संध्याकाळपर्यंत रूमवर येतात. औषधं, कॅलिपरचा जादा पट्टा, एक जोडी कपडे, कागदपत्रं, सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. आणि थोडं फरसाण पण ठेवा, पहिल्या दिवशी जेवणाची वेळ कुठली कुठे जाते.

फिजिओ_कारेलीबाग:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पोलिओचे जुने पेशंट बरेच बघते म्हणून लिहितेय. लहानपणी पोलिओ झालेल्यांना तीस-चाळीस वर्षांनी परत अशक्तपणा आणि थकवा येतो, चांगल्या पायाला सुद्धा, कारण त्या पायाने इतकी वर्षं दुप्पट काम केलेलं असतं. याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. यात जोर लावून चाललं तर ताकद वाढत नाही, उलट थकवा दोन-दोन दिवस जात नाही. त्यामुळे जहाजावर नियम एकच ठेवा, दमल्यावर चेअरमध्ये बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. ही जहाजं खूप लांब असतात, रूमपासून जेवणाच्या हॉलपर्यंतचं अंतरच कोणाला वाटणार नाही एवढं असतं. चालायची ताकद तिला जिथे हवी तिथे वापरू दे, डेकवर रेलिंग धरून दहा पावलं, थिएटरमध्ये सीटपर्यंत. कॉरिडॉर तुडवण्यात घालवू नका.

जहाज हलतं तेव्हा आपण नकळत गुडघे थोडे वाकवून तोल सांभाळतो. कॅलिपरचा गुडघा लॉक असतो, तो वाकत नाही, त्यामुळे सगळा धक्का कुबडीवर आणि खांद्यावर येतो. लाटा असतील तेव्हा उभं राहायचंच नाही, चेअरमध्ये बसायचं आणि चेअरचे ब्रेक लावायचे. डेक ओला असतो, सकाळी धुतात, स्विमिंग पूलच्या बाजूला तर कायम ओला. कुबडीचं खालचं रबर निघायच्या आधी नवीन घाला आणि एक जोडी बरोबर ठेवा. झिजलेलं रबर कोरड्या लादीवर चालून जातं, ओल्या डेकवर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि हे कोणी विचारत नाही. रात्री ती कॅलिपर काढून झोपत असेल. मग रात्री बाथरूमला कशी जाते? घरी भिंत धरून जात असेल, कपाट धरून, सवयीच्या रस्त्याने. जहाजावर तो रस्ता नवा, अंधार, आणि जमीन हलणारी. पडायचं असेल तर माणूस तिथेच पडतो. त्यामुळे केबिन घेताना पलंगापासून बाथरूमपर्यंत मध्ये काय आहे ते विचारा, फोटो मागवा, आणि पहिल्या संध्याकाळी उजेडात दोघींनी तो रस्ता दोन-तीनदा करून बघा. चेअर पलंगाला चिकटून ब्रेक लावून ठेवा. छोटा रात्रीचा दिवा न्या, सेलवर चालणारा. लाजून तुम्हाला उठवायचं टाळेल असा स्वभाव दिसतोय, तर ते आधीच बोलून घ्या.

उलटीची गोळी तिच्या डॉक्टरांना विचारूनच, कारण या गोळ्यांनी झोप आणि गुंगी येते आणि गुंगीत तोल जातो. पोलिओचा पाय थंडीला फार लवकर गार पडतो आणि गार पडला की अजून कमजोर होतो, जहाजात एसी जोरात असतो, लोकरीचा मोजा आणि शाल असू दे. समुद्राच्या दमट हवेत कॅलिपरच्या पट्ट्याखाली घाम साचून कातडी सोलते, आत पातळ सुती मोजा घालायचा आणि रोज रात्री पट्ट्याखाली लाल झालंय का बघायचं. नवीन बूट, नवीन पट्टा असलं काही ट्रिपच्या तोंडावर करू नका.

सुरसागरवाली:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मी तिला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, ती मध्येच म्हणाली थांब, तो रात्रीच्या बाथरूमचा भाग परत वाच. इतक्या वर्षांच्या मैत्रीत आम्ही हे कधी बोललोच नव्हतो. कारण कुठेही गेलो तरी ती म्हणायची मी ठीक आहे आणि मी मानायचे. काल पहिल्यांदा तिने नीट सांगितलं की ती संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाही, कुठेही बाहेर राहायचं असलं की. ऐकून मला फार वाईट वाटलं.

लक्षद्वीप रद्द, तिनेच रद्द केलं. आता मुंबई-गोवा का सिंगापूर एवढंच उरलंय. बाकी आता ती स्वतः लिहिते म्हणतेय, तिला एक विचारायचंय.

मी तीच मैत्रीण. सगळं वाचलं, चाकांवरची ताई तुम्हाला नमस्कार. माझा प्रश्न असा की जहाजावर आग लागली किंवा काही झालं तर लिफ्ट बंद करतात असं ऐकलंय. मग मी सातव्या मजल्यावर असेन तर काय? हा प्रश्न भीतीपोटी नाही, मला माहीत असायला हवं म्हणून विचारतेय. बँकेत आमच्याकडे फायर ड्रिल व्हायची तेव्हा मला म्हणायचे मॅडम तुम्ही बसा, आणि मी तीन मजल्यांच्या रिकाम्या इमारतीत एकटी बसून असायचे. मला ते बरोबर वाटायचं नाही.

चाकांवरची:

ताई तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हा प्रश्न विचारणारेच लोक जहाजावर सर्वात सुरक्षित असतात. जहाजावर प्रत्येक प्रवाशाला ड्रिल सक्तीची आहे. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया बुडालं, त्या वेळी नव्याने चढलेल्या लोकांची ड्रिल झालीच नव्हती, त्यानंतर नियम बदलला आणि आता जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्याबरोबर ड्रिल घ्यावीच लागते. तिथे तुम्हाला कोणी "मॅडम तुम्ही बसा" म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी तुम्ही जा.

जहाजात चढल्याबरोबर गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरला जायचं आणि सांगायचं की मी पायऱ्या उतरू शकत नाही, माझा केबिन नंबर हा, आणीबाणीत मला न्यायला कोण येणार. त्यांच्याकडे अशा प्रवाशांची यादी असते आणि त्या यादीप्रमाणे माणसं नेमलेली असतात. जिन्यावरून उतरवायची खास खुर्ची असते, तुम्हाला पट्ट्याने बांधून बसवतात आणि ती पायऱ्यांवरून घसरत उतरते. ती खुर्ची बघायला मागा. मी मागितली होती, त्यांनी दाखवली, आणि बसायचं कसं ते पण समजावलं. हो, वेळ आलीच तर उचलतील सुद्धा. पण कोण, कसं, कुठून धरून, हे तुम्ही आधी सांगून ठेवू शकता. माझ्या पाठीला कुठे हात लावायचा नाही ते मी सांगून ठेवते. तुमचं कॅलिपर चढवायला किती वेळ लागतो ते पण सांगा, म्हणजे ते घालायचं का तसंच न्यायचं हे तिथे गोंधळात ठरवावं लागणार नाही.

शक्य असेल तर केबिन ज्या मजल्यावर आणीबाणीत जमायची जागा आहे त्या मजल्यावर किंवा एखाद मजला वर-खाली मागा. बुकिंगच्या वेळीच विचारता येतं.

सुरसागरवाली:

(मैत्रीण लिहितेय) हे पटलं. जीव वाचवायला उचलणार असतील तर माझी काही हरकत नाही, मी सांगेन कुठून धरायचं ते. जेवायला न्यायला उचलायचं नाही एवढंच माझं म्हणणं आहे. आपली व्हीलचेअर न्यावी की तिथली मिळते?

अलकापुरी_तिकिटवाला:

आपलीच न्या ताई. जहाजावरच्या व्हीलचेअर बहुतेक चढायला-उतरायला आणि आणीबाणीसाठी असतात, दिवसभर वापरायला देत नाहीत. नेण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. चेअरची रुंदी टेपने मोजून ठेवा, चाकांच्या बाहेरच्या कडेपासून, सीटची नाही, लोक हमखास सीटची रुंदी सांगतात. अगदीच ॲक्सेसिबल केबिन मिळाली नाही आणि साधी घ्यावी लागली तर लहान चाकांची अरुंद चेअर भाड्याने मिळते, पण ती स्वतः ढकलता येत नाही, मागून कोणीतरी लागतं. म्हणजे प्रत्येक वेळी मैत्रिणीला हाक मारावी लागणार. मला विचाराल तर तारीख पुढे ढकला पण केबिन बरोबर घ्या.

सिंगापूरचं थोडं सांगतो. अहमदाबादहून थेट विमान आहे, बडोद्याहून गाडीने दोन तासांत एअरपोर्ट. विमान कंपनीला निदान ४८ तास आधी व्हीलचेअर सांगून ठेवायची, आणि फक्त व्हीलचेअर म्हणू नका, त्यात प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, फक्त लांब चालता येत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही पण सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. तुमचा मधला. पहिला लिहिला गेला तर विमान लांब उभं असताना शिडीखाली आणून सोडतील, चढा म्हणून. मधला असेल तर वर नेणारी लिफ्टची गाडी लावायला सांगता येतं. सिक्युरिटीला कॅलिपर वाजणारच, वेगळ्या खोलीत तपासणी मागायचा हक्क आहे. व्हिसा घेताना मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते बघून घ्या कारण क्रूझ सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच येते. तिथलं शहर मात्र व्हीलचेअरसाठी फार सोयीचं, मेट्रोच्या सगळ्या स्टेशनांना लिफ्ट आहे आणि क्रूझ टर्मिनलच्या बाजूलाच मरीना साऊथ पिअर स्टेशन आहे.

आणि इन्शुरन्स घेताना पोलिओ, बीपी, शुगर जे असेल ते सगळं लिहा. जहाजावर डॉक्टर असतो पण त्याचं बिल आपल्या दवाखान्यासारखं नसतं.

मांजलपूर_काका:

एक सुचवू का? एवढे पैसे भरायच्या आधी एकदा हजीरा-घोघा रो-रो करून या. सुरतेजवळ हजीरा, तिथून घोघ्याला म्हणजे भावनगरच्या बाजूला फेरी जाते, २०२० पासून सुरू आहे, गाडी पण आत जाते, समुद्रावर साधारण चार तास. बाकी रस्त्याने पावणेचारशे किलोमीटर होतात ते पाण्यावरून नव्वद होतात. आपली गाडी घेऊन गेलात तर चेअर गाडीतच. आधी फोन करून विचारा गाड्यांच्या डेकवरून वर जायला लिफ्ट आहे का आणि ती त्या दिवशी चालू आहे का. पोटात ढवळतं का, चेअर कशी राहते, तोल कसा राहतो, सगळं कळेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो, मोठी क्रूझ पण त्याच दिवसांत करा. पावसाळ्यात अजिबात नको.

फिजिओ_कारेलीबाग:

काकांचं सुचवणं फार चांगलं आहे. फक्त जाऊन लगेच परत येऊ नका, भावनगरला एक मुक्काम करा. त्या रात्री हॉटेलमध्ये पलंग ते बाथरूम पण बघून होईल. आणि ताई, संध्याकाळी पाणी बंद करायचं सोडून द्या, त्याने युरिन इन्फेक्शन होतं आणि थकवा वाढतो. पाणी प्या आणि मैत्रिणीला उठवा, ती त्यासाठीच बरोबर येतेय.

सुरसागरवाली:

(मैत्रीण) बरं, उठवेन.

(मी) भाचा म्हणतोय गाडी मी चालवतो, मला पण समुद्र बघायचाय. रो-रोचा नंबर कोणाकडे हाताशी असेल तर कळवा, नाहीतर मी साइटवर शोधते. मुंबई-गोव्याच्या केबिनच्या मापांचा ईमेल आज तिकिटवाल्यांनी सांगितला तसा लिहून पाठवला, इंच, उंबरा, दांड्या, सगळं. तिने शेवटी एक ओळ स्वतः घातली, डेकवर बाहेर जायच्या दाराला उंबरा आहे का आणि रात्री ते दार किती वाजेपर्यंत उघडं असतं.